आंघोळीच्या पाण्याची गुहा

वाकडच्या आमच्या सोसायटीत बेसमेंटला कुठं ओल धरली, की ग्रुपवर आधी फोटो पडतो आणि मग कमिटीच्या नावानं शिमगा सुरू होतो. मी त्या भानगडीत पडत नाही. गाडी लावली की मी जरा रेंगाळते, मान वर करते आणि ओलीच्या कडेनं पांढरं काही धरलंय का ते बघते. धरलं असेल तर उगाच बरं वाटतं. नवरा म्हणतो, तुला मालकांनी बिघडवून ठेवलंय. त्याचं म्हणणं खरं आहे.

मालक म्हणजे रहाटणीतले आमचे घरमालक. लग्न होऊन मी लातूरकडनं आले, तेव्हा आमचा पहिला संसार त्यांच्या तीन मजली इमारतीत, पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत सुरू झाला. नवरा चाकणच्या एका कंपनीत; आज फर्स्ट शिफ्ट तर पुढच्या आठवड्यात थर्ड. मी नोकरी शोधत घरी बसलेली, त्यामुळे मालकांच्या तावडीत सापडायची ती मीच. मालक सत्तरीला टेकलेले. अंगात बंडी, खाली धोतर आणि पायात कुणा भाडेकरूनं मागं सोडून दिलेले कंपनीचे सेफ्टी शूज. त्या बुटांचा आवाज जिन्यात आला की सगळी इमारत ओळखायची.

या माणसाला दिसेल ती वस्तू वाजवून बघायची खोड होती. बोटाच्या पेरानं टकटक करायचं, कान द्यायचा आणि निकाल सांगायचा. 'भरीव' नाहीतर 'पोकळ'. कलिंगड वाजवायचे हे ठीक. पण मालक भिंती वाजवायचे, गॅसची टाकी वाजवायचे, भाजीवाल्याचा तराजू वाजवायचे. एकदा नवऱ्याचं हेल्मेट डोक्यावर असतानाच वाजवलं आणि मला म्हणाले, "भरीव हाय पोरी, काळजी करू नगंस." निकाल बरोबर यायचाच असं नाही. आमची टाकी त्यांनी भरीव सांगितली आणि दुसऱ्याच दिवशी पोळ्या करता करता ती संपली.

ही खोड त्यांना लागली ती विहिरीपायी. इमारतीच्या जागी पूर्वी त्यांचं रान होतं आणि रानात विहीर होती. आजूबाजूची रानं एकेक करून इमारतींखाली गेली, तशी मालकांनीही विहीर बुजवून वर घर बांधलं. ती बरोबर पार्किंगच्या खाली आली. दुपारी मालक तिथं पोतं अंथरून, जमिनीला कान लावून पडायचे. घर बघायला येणाऱ्या नव्या भाडेकरूला आधी वाटायचं की म्हातारा गेला.

"हितं इहीर हाय," ते मला म्हणायचे, "बुजवली खरी, पर पानी कुटं जातंय? खालनं चाललंय ते. ऐक."

मी ऐकायची. मला कधी काही ऐकू आलं नाही, पण त्या गार फरशीला कान लावून पडलं की डोळे मिटायला लागायचे.

दरवर्षी दिवाळीनंतर मालक भाडेकरूंची सहल काढायचे. टेम्पो ट्रॅव्हलर ठरवायची, ज्याला यायचं त्यानं यायचं. इतर घरमालक भाडेकरूंना नोटीस देतात, आमचे सहलीला नेत. पण कुठं? एका वर्षी राजगुरुनगरकडं नवा पूल बघायला नेलं. पुलावर नाही हो, पुलाखाली. तिथं सतरंज्या टाकल्या, चिवडा खाल्ला आणि वरून जाणाऱ्या ट्रेलरचे आवाज ऐकले. "वरनं समदेच बघत्यात," मालकांचं म्हणणं. मला तेव्हा हसू आलं होतं. पण डोक्यावर लांबून घुमत आलेला तो आवाज, खाली नदीचं हिरवं पाणी आणि मांडीवर चिवड्याचा कागद, एवढं मात्र आजही आठवतं.

आक्का, म्हणजे मालकीणबाई, असल्या सहलींना कधी आल्या नव्हत्या. त्यांना दमा होता आणि गुडघे कामातून गेलेले. त्यांचं राज्य पहिल्या मजल्याच्या गॅलरीपुरतं. तिथं बसून त्या लसूण सोलायच्या आणि मालकांवर नजर ठेवायच्या. जीभ तिखट होती, माया होती ती तिखटाच्या आत.

मग एक दिवस पाणी गोडं करायच्या यंत्राचा विक्रेता आला. आमच्या बोअरच्या पाण्याला क्षार इतके, की बादलीला पांढरा थर चढायचा आणि नळाच्या तोंडाला मिशा फुटायच्या. विक्रेत्यानं खिशातून तसा एक थर काढून मालकांच्या हातावर ठेवला. "बघा बाबा, ही चुनखडी. हे पोटात जातंय तुमच्या. आंध्रात तर या दगडाच्या जमिनीखाली पाण्यानं कोरलेल्या गुहा आहेत, मैलभर आत जाता येतं." बिचाऱ्याला यंत्र विकायचं होतं. मालकांनी यंत्र घेतलं नाही, गुहेचा पत्ता घेतला.

त्यांचं डोकंच फिरलं. "आपल्याकडं लेणी मानसांनी कोरली. छिन्नीहातोडा घिऊन. आन् हितं पानी कोरतंय, पोरी. नुस्तं पानी." त्या वर्षीची सहल ठरली. आणि आक्का म्हणाल्या, मी येणार. सगळ्यांनी त्यांच्या गुडघ्यांकडं बघितलं. आक्का म्हणाल्या, "आयुष्यभर ह्यांनी मला जिमिनीखालचं पानी सांगितलंय. एकदा बघू तरी द्या."

सोलापूर गेलं, कर्नाटक गेलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही आंध्रातल्या सपाट रानात उतरलो. डोंगर नाही, कडा नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फरश्यांचे ढीग आणि मधोमध जमिनीला पडलेलं एक मोठं भोक. त्यात उतरायला जिना. भोकातनं गरम, ओलसर वाफ वर येत होती. आक्का मालकांच्या खांद्याला धरून थोड्या पायऱ्या उतरल्या आणि त्यांचा श्वास लागला. तिथला रखवालदार धावत आला, म्हणाला, माताजींना खाली नेऊ नका, आत हवा कमी आहे. त्यांना परत वर आणलं आणि तिकिटाच्या खिडकीजवळ कडुलिंबाच्या सावलीत बसवलं.

"मी बी जात न्हाई," मालक म्हणाले.

"जावा तुमी," आक्का म्हणाल्या. त्यांना बोलायलाही दम लागत होता. "नीट बघा. आन् मला येऊन सांगा."

आत जाताना मी मालकांच्या बरोबर होते. मला वाटलं होतं, आता हे पावलोपावली टकटक करणार. पण पहिल्याच वळणावर वाटाड्यानं ताकीद दिली. "हाथ मत लगाना. हाथ का तेल लगता है, तो पत्थर बढ़ना बंद कर देता है." मालकांनी दोन्ही हात मागं बांधले ते बाहेर येईपर्यंत सोडले नाहीत. फक्त एकदा सोडले, ते सांगते.

भिंती वाहत्या पाण्यासारख्या वळल्या होत्या. कुठं अरुंद, कुठं एकदम गावच्या देवळाएवढी मोकळी जागा. घामानं कपडे अंगाला चिकटलेले, बाकीचे भाडेकरू फोटो काढत पुढं गेले आणि आम्ही दोघं मागं राहिलो. आपण नेमके किती खाली आहोत, वर दिवस आहे का मावळला, काही कळेना. एका ठिकाणी छतातून पांढरा सुळका उतरला होता, त्याच्या टोकाला थेंब. खाली जमिनीतून दुसरा सुळका वर आलेला. दोघांच्या मध्ये वीतभर अंतर. मालकांनी वाटाड्याला विचारलं, ह्ये दोगं भेटणार कवा? तो हसला. "बाबा, आप-हम नहीं रहेंगे."

तेवढ्यात थेंब सुटला आणि मालकांचा हात आपोआप पुढं गेला. थेंब तळहातावर पडला. मालकांचा चेहरा असा पडला, की मला वाटलं त्यांना काही चावलं.

"ह्यो दगुड व्हनार व्हता," ते म्हणाले. "म्या मधीच घेतला."

मग त्यांनी तळहात अलगद कलता करून तो थेंब खालच्या सुळक्यावर सोडला. सोडला आणि हात परत मागं बांधले. वाटाड्या माझ्याकडं बघायला लागला. मी दुसरीकडं बघितलं, कारण मला हसू येत नव्हतं आणि डोळ्यांत पाणी का आलंय ते सांगता आलं नसतं.

वर आलो. आक्का लिंबाखाली सावरून बसल्या होत्या.

"काय व्हतं?"

मालक त्यांच्याजवळ उकिडवे बसले. "अंधार व्हता," ते म्हणाले.

"आनि?"

"पानी."

"आनि?"

"दगुड."

"एवढ्यासाठी आले व्हय मी इतक्या लांब?" आक्का म्हणाल्या. "दगुड आन् पानी आपल्या रानात काय कमी व्हतं?"

मी मध्ये पडले आणि मोबाइलवरचे फोटो दाखवले. गुहेत लाल-हिरवे दिवे लावलेले. फोटोत तेवढेच आलेले. आक्कांनी चष्मा वर करून बघितलं. "ह्यी तर लायटिंग हाय. गणपतीच्या मांडवावानी." फोन मला परत दिला आणि सोलापूरपर्यंत त्या कुणाशी बोलल्या नाहीत. मालक त्यांच्या शेजारी बसून अधूनमधून तोंड उघडायचे, हातानं हवेत काहीतरी आकार करायचे आणि मिटायचे. इतका बोलका माणूस, पण सांगता येत नव्हतं. त्यांना ते लागलं होतं. घरी आल्यावर कितीतरी दिवस ते पार्किंगमध्ये पडायला गेले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या न्हाणीघराची मोरी गळायला लागली. खाली पार्किंगच्या स्लॅबला ओल धरली. मी तक्रार केली, मालक बघून येतो म्हणाले, आणि गेले ते आलेच नाहीत. खाली जाऊन बघते तर स्लॅबकडं तोंड करून उभे. ओलीच्या मधोमध एक पांढरी नळी उतरली होती, बोटाच्या पेराएवढी, आणि टोकाला थेंब.

"हात लावू नगंस," ते कुजबुजले.

मोरी दुरुस्त व्हायची ती राहिलीच. उलट आमच्या आंघोळीवर मालकांचं लक्ष आलं. जिन्यात गाठून विचारायचे, "झाली का आंगूळ?" माझे सासरे आले होते, त्यांनाही तोच प्रश्न, ते बिचारे दोन दिवस काखा हुंगत होते. आम्ही दिवाळीला गावी निघालो की मालक किल्ली मागून घ्यायचे. "सकाळ-संध्याकाळ दोन बादल्या वतीन. खंड पडाया नको." नवरा थर्ड शिफ्ट करून येऊन आंघोळ न करताच झोपला, की मालकांचा चेहरा उतरायचा.

नळी वाढत गेली. पपईच्या पानाच्या देठासारखी आतून पोकळ, हातभर लांब. पार्किंग बुटकं, नवऱ्याला तिथं मान वाकवून गाडी काढावी लागायची. खाली फरशीवर, थेंब पडायचा तिथं, बत्ताशासारखा पांढरा उंचवटा आला. मग एका दुपारी मालकांनी प्लॅस्टिकची खुर्ची तिथं मांडली आणि वर जाऊन आक्कांना घेऊन आले. आक्का कठड्याला धरून, एकेका पायरीला मालकांचा उद्धार करत उतरल्या. मालकांनी त्यांना खुर्चीत बसवलं.

"ह्ये बघ," ते म्हणाले. "असं व्हतं. मानसापरीस मोठं. अंधारात. आन् लई."

आक्का बघत राहिल्या. नळीच्या टोकाला थेंब धरत गेला, धरत गेला, फुगला, थरथरला आणि पडला. त्यांनी श्वास सोडला.

"अगं बया," त्या म्हणाल्या. "आन् मला अंधार व्हता म्हनून सांगितलं व्हय."

तेव्हापासून आक्का रोज दुपारी खाली यायला लागल्या. मालक पोत्यावर, आक्का खुर्चीत आणि कधी कधी मी मोटारसायकलच्या सीटवर. कुणी बोलायचं नाही. बाहेर काळेवाडीकडनं येणाऱ्या रस्त्याचा गोंगाट चाललेला, आणि आत एक थेंब पडायची वाट बघत आम्ही तिघं बसलेले. त्या दुपारी कशा सरल्या, मला सांगता येत नाही. झोप नव्हती आणि जागही नव्हती.

आक्कांना एकच हौस होती, तिला हात लावून बघायची. मालक लावू द्यायचे नाहीत.

"हाताचं तेल लागतं. वाढायची थांबल."

"मी काय भजी तळून आले व्हय?"

"म्या तरी लावलाय का कवा?" मालक म्हणायचे, आणि ते खरं होतं. जगातली एवढी एक वस्तू त्यांनी वाजवून बघितली नव्हती.

श्रावणात तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी त्या बत्ताशाला हळदकुंकू वाहिलं, बेल ठेवला, दूध घातलं. स्वयंभू पिंड आहे म्हणाल्या. मालकांना मी तेव्हा पहिल्यांदा चिडलेलं बघितलं. "आपल्याकडं काय उगवलं की कुंकू लावायचं आन् मोकळं व्हायचं. मंग त्याच्याकडं कुनी बघत न्हाई." वहिनी रडवेल्या झाल्या. तडजोड आक्कांनी काढली. पूजा करायची तर दोन हात लांब ताटली ठेवून करायची. महादेवाला तेवढं लांबनं कळतं, असं त्या म्हणाल्या आणि विषय मिटला. मालकांनी बेलाची पानं चिमट्यानं एकेक करून उचलली.

असंच चालू राहिलं असतं. पण एका सकाळी पार्किंगमध्ये धप्पकन आवाज झाला. स्लॅबचा परातीएवढा पोपडा सुटून आक्कांच्या खुर्चीवर पडला होता. खुर्ची रिकामी होती, एवढंच नशीब. मालकांचा मुलगा मोशीला राहायचा, तो कॉन्ट्रॅक्टरला घेऊन दुपारपर्यंत हजर झाला.

कॉन्ट्रॅक्टरनं लहान हातोडी काढली आणि स्लॅब ठोकत चालला. टक, टक, टक. नळीच्या जवळ आला आणि आवाज बदलला. मलासुद्धा कळला. मालक पोत्यावरनं उठून उभे राहिले.

"पोकळ," ते म्हणाले.

"पोकळच की," कॉन्ट्रॅक्टर म्हणाला. "बाबा, हे पांढरं कुठनं येतंय वाटलं तुम्हाला? बोअरच्या पाण्यातनं? हा तुमच्या स्लॅबचाच चुना आहे. पाणी तो धुऊन खाली आणतंय. आतली सळई गंजली. अजून एक पावसाळा काढला असता तर मी जबाबदार नाही."

मुलगा काहीतरी कडक बोलणार होता. पण बापाचा चेहरा बघून तो खाली पडलेला पोपडा उचलायला लागला. मालकांचं सगळं घर वाजवून झालं होतं, एवढा एक चौकोन सोडून. आणि नेमक्या त्याच्या खाली त्यांनी रोज आक्कांची खुर्ची मांडली होती. ते त्या फुटक्या खुर्चीकडं बघत होते.

"थोडं दिस..." त्यांनी सुरुवात केली. कॉन्ट्रॅक्टरला म्हणाले, आजूबाजूचं करून घे, एवढीच ठेवता येती का? कॉन्ट्रॅक्टरनं नाही म्हणून मान हलवली. मालक मग माझ्याकडं वळले. मला वाटलं आता काहीतरी गळ घालतील.

"पोरी, तुझी मोरी उद्या फोडावी लागंल," ते म्हणाले. "तरास व्हईल तुला. आंगुळीला आमच्याकडं या."

मोरी फुटली, नवा पाइप बसला. खाली थेंब आधी रेंगाळायला लागले, मग फार वेळानं एखादा. मालक सगळे दिवस खालीच होते. शेवटचा थेंब टोकाला धरला तो पडलाच नाही. संध्याकाळपर्यंत लोंबत राहिला आणि जागच्या जागी सुकला. नळीची चकाकी गेली आणि ती खडूसारखी दिसायला लागली. दुसऱ्या दिवशी गवंडी येऊन सगळं झाडून काढणार होता.

आक्का खाली आल्या. न बोलावता, एकट्या, कठड्याला धरून. खुर्ची नव्हती, म्हणून मी त्यांना धरलं. त्या नळीखाली येऊन उभ्या राहिल्या.

"आता न्हाई ना वाढायची?"

"न्हाई," मालक म्हणाले.

"मंग लावू का हात?"

मालकांनी मान डोलावली. आक्कांनी हात वर केला. बोटांची टोकं नळीला टेकवली, हळूच खालपर्यंत आणली आणि परत वर नेली. त्यांचे डोळे मिटले होते. त्यांचं सगळं वजन माझ्या अंगावर आलं होतं आणि दम्याची घरघर मला ऐकू येत होती.

"कसं लागतंय?" मालकांनी विचारलं.

आक्कांची बोटं पुन्हा खालपर्यंत आली.

"सांग की."

"न्हाई वो येत सांगता," आक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता. "तुमीच बघा."

मालक जागचे हलले. मला वाटलं पुढं येतील, पण ते कोपऱ्यातल्या नळाकडं गेले. तिथं त्यांनी साबणाची वडी घेतली, दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले, धोतराच्या सोग्याला कोरडे केले, आणि मगच आक्कांच्या हाताशेजारी आपलं बोट टेकवलं.